उंदराला विचारायचं की ॲक्सोलॉटलला?

"अडीचशे वर्षं झाली. एका तरी माणसाचं बोट परत आणलंत का तुम्ही लोकांनी?"

मामा हे भांडणाच्या सुरात विचारत नाहीत. खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारतात, म्हणून ते जास्त झोंबतं. मिरजेत ते हाडांचे डॉक्टर आहेत. भाग उसाचा आणि गोठ्यांचा. कडबाकुट्टीत गेलेली बोटं, गुऱ्हाळाच्या चरकात ओढला गेलेला पंजा असल्या केसेस त्यांना नव्या नाहीत, आणि मधुमेहात सडलेला पाय तर बाराही महिने येतो. भाची पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत झेब्राफिशवर काम करते. माशाच्या शेपटीचा पर कापला की तो परत कसा येतो, हा तिचा विषय. दिवाळीला ती मिरजेला आली की फराळाबरोबर हा वादही ठरलेला.

गंमत अशी, की पुनर्जननाच्या संशोधनाला मामांचा विरोध नाही. त्यांचं वाकडं आहे ते प्राण्याशी. लाझारो स्पालांझानी या इटालियन धर्मगुरूने सॅलमँडरचे पाय कापले आणि ते हाडांसकट परत उगवतात असं 1768 मध्ये जाहीर केलं. तेव्हापासून सगळे त्याच ओल्या, थंड प्राण्यापाशी बसून आहेत, असा त्यांचा आरोप. "मॉर्गन शहाणा निघाला," ते म्हणतात. थॉमस हंट मॉर्गनने 1901 मध्ये 'रीजनरेशन' नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला, पुढे फळमाशी हाती धरली आणि 1933 मध्ये गुणसूत्रांवरच्या कामासाठी नोबेल घेतलं. "त्याने वेळेवर गाडी बदलली. तुम्ही अजून त्याच स्टेशनावर."

"गाडी बदलली कारण माशीत त्याला उत्तरं लवकर मिळत होती," भाची म्हणते. "प्रश्न सुटला म्हणून नव्हे."

इथे ॲक्सोलॉटलची ओळख करून द्यायला हवी, कारण भांडणाचं मूळ तोच आहे. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत. हा सॅलमँडर तिथला. वीतभर लांब, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, तोंडावर कायमचं हसू. बेडकाचं पिल्लू मोठं होताना शेपूट टाकून जमिनीवर येतं. हा प्राणी मोठा होतो, अंडी घालतो, पण पाण्यातलं बालरूप सोडत नाही. पाय कुठूनही कापा, मनगटापासून किंवा थेट खांद्यापासून, काही आठवड्यांत हाड, स्नायू, रक्तवाहिन्या, चेतातंतू, बोटं, सगळं मापात परत. जेवढं गेलं तेवढंच येतं, हे त्यातलं खरं आश्चर्य. मनगटाला कापलं तर कोपर उगवत नाही.

1864 मध्ये मेक्सिकोहून 34 ॲक्सोलॉटल पॅरिसला आले. तिथे ऑग्युस्त द्युमेरिलने त्यातल्या मोजक्यांपासून वंश वाढवला, आणि युरोपभरच्या प्रयोगशाळांना तो पिल्लं वाटत सुटला. आजच्या प्रयोगशाळांमधल्या ॲक्सोलॉटलांचा बराचसा वंश तिथवर जातो. मामांना हा तपशील पाठ आहे आणि तो ते शस्त्रासारखा वापरतात.

"म्हणजे एका घराण्यातली लग्नं दीडशे वर्षं. त्यात अमेरिकेत 1962 मध्ये टायगर सॅलमँडरशी संकर करून अल्बिनो रंग आणला. जनुकसंच बत्तीस अब्ज अक्षरांचा, माणसाच्या दसपट. जन्मभर बाळ राहणारं, थंड रक्ताचं, भावकीत लग्नं झालेलं जनावर, आणि त्याच्याकडून शिकून मी साठीच्या माणसाचा पाय उगवायचा?"

"भावकीचं मान्य," भाची म्हणते. ती वाद घालते पण पुरावा नाकारत नाही. "आणि बाळ राहण्याचंही. ॲक्सोलॉटलला संप्रेरक देऊन जबरदस्तीने प्रौढ केलं, तर त्याचा पाय हळू येतो आणि बऱ्याचदा बिघडलेला येतो. पण मामा, न्यूट हा सॅलमँडरच. तो रीतसर प्रौढ होतो, जमिनीवर येतो, आणि तरी पाय उगवतो. जपानी न्यूटच्या डोळ्यातलं भिंग सोळा वर्षांत अठरा वेळा काढलं. अठरावं भिंग पहिल्याइतकंच चांगलं होतं, आणि प्राणी म्हातारा झाला होता."

मामांकडे याला चटकन उत्तर नसतं. ते चकली तोडतात.

भाची पुढचा मुद्दा काढते तो स्वतःच्याच पक्षावर उलटणारा आहे, आणि लेखकाच्या मते या वादातला सगळ्यात मोलाचा तोच. एल्ली तनाका या व्हिएन्नात काम करणाऱ्या संशोधिकेच्या गटाने 2009 मध्ये दाखवून दिलं, की कापलेल्या टोकावर पेशींचा जो कोंब धरतो, ज्याला ब्लास्टिमा म्हणतात, त्यातल्या पेशी वाट्टेल ते बनत नाहीत. स्नायूतून आलेली पेशी स्नायूच बनवते, चेतातंतूच्या आवरणातली पेशी आवरणच बनवते. तोवर कित्येकांची समजूत होती की या पेशी सगळं विसरून कोऱ्या होतात. मग 2014 मध्ये आणखी एक धक्का बसला. नवा स्नायू बनवताना न्यूट जुन्या स्नायूचे तंतू मोडून त्यातून पेशी काढतो; ॲक्सोलॉटल तसं करत नाही, तो स्नायूला चिकटून असलेल्या राखीव पेशी वापरतो. दोघेही सॅलमँडर, दोघांचाही पाय येतो, पण रस्ता वेगळा.

"मग आम्ही कुणाचा रस्ता धरायचा?" मामा लगेच विचारतात. "सॅलमँडर-सॅलमँडरात एकमत नाही."

"राखीव पेशी तुमच्या पेशंटच्या स्नायूतही असतात. म्हणजे या बाबतीत बाळ राहिलेला ॲक्सोलॉटल आपल्याला जवळचा आहे, प्रौढ न्यूट नाही. हे आधी कुणी सांगू शकलं असतं का?"

मामांची स्वतःची बाजू कच्ची नाही. ती त्यांच्या ओपीडीतून आलेली आहे. दारात बोट चेमटून टोक तुटलेलं मूल आलं, की पूर्वी सर्जनचा हात सुईकडे जायचा: त्वचा ओढून टाका, उघडं हाड झाका. शेफील्डच्या मुलांच्या रुग्णालयात सिंथिया इलिंगवर्थ या डॉक्टरने 1974 मध्ये लिहिलं, की शेवटच्या सांध्याच्या पुढचं टोक तुटलं असेल, तर टाके न घालता जखम स्वच्छ करून नुसतं ड्रेसिंग ठेवलं तरी लहान मुलांचं बोट नखासकट भरून येतं. मामांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि आईबापांना "टाका घालत नाही, थांबा" हे पटवताना त्यांची किती दमछाक होते, तेही ते रंगवून सांगतात.

"म्हणजे जादू आपल्यातच आहे. थोडी, पण आहे. उंदराच्या बोटाच्या टोकाचंही तसंच, हे 1982 मध्ये कळलं. माणसात आणि उंदरात एकच गोष्ट एकाच जागी चालते आणि एकाच जागी थांबते. नखाचा तळ शाबूत असेल तर टोक येतं, तळ गेला की फक्त व्रण. तर मग काम कुठे करायचं? जिथे ती थांबते तिथे. मेक्सिकोच्या कालव्यात कशाला?"

यात दम आहे, आणि कामही झालं आहे. नखाच्या तळाशी असलेल्या पेशींना डब्ल्यूएनटी नावाचा रासायनिक निरोप मिळाला नाही तर उंदराचं टोक उगवत नाही, आणि तो कृत्रिमरीत्या दिला तर थोडं मागे कापलं तरी वाढ होते, हे 2013 मध्ये दिसलं. अमेरिकेत केन म्युनिओका यांच्या गटाने तर ज्या जागी उंदराचं बोट कधीच उगवत नाही तिथे हाड बनवणारी दोन प्रथिनं एकामागून एक देऊन हाडाचा तुकडा आणि सांध्याची कूर्चा उगवून दाखवली. 2019 ची गोष्ट. सांधा! हाडांच्या डॉक्टरला यापुढे कुणी ॲक्सोलॉटलचं हसू दाखवून काय उपयोग?

भाची उंदरावर थेट हल्ला करत नाही. ती थॅलिडोमाइड काढते.

हे औषध 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, झोपेसाठी आणि पुढे गरोदरपणातल्या मळमळीसाठी. जगभर दहा हजारांहून जास्त मुलं हात-पाय नसलेली किंवा खुंटलेली जन्मली. नंतर लोकांनी गाभण उंदरांना हे औषध देऊन पाहिलं, तेव्हा पिल्लांचे पाय ठीकठाक निघाले. सशांना दिलं तेव्हा पाय बिघडले. उंदीर आणि घूस या औषधाला दाद देत नाहीत, ससा देतो.

"सस्तन आहे, गरम रक्ताचा आहे, म्हणून जवळचा असं नसतं मामा. प्रत्येक प्रश्नाला तो जवळ की लांब हे वेगळं तपासावं लागतं. पायांच्या बाबतीत उंदीर एकदा गप्प राहिलाय."

"ते औषध गर्भात पाय बनताना मारत होतं. पाय परत उगवणं वेगळं."

"मान्य. पण सशाचं नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे."

मामींना इतका वेळ कुणी विचारलं नव्हतं. त्या शंकरपाळ्यांचा डबा ठेवता ठेवता म्हणतात, "त्या बिचाऱ्याचा पाय तुम्ही किती वेळा कापता गं? एकदाच की परत परत?" भाची सांगते की भूल देऊन कापतात, समितीची परवानगी लागते, संख्या लिहून द्यावी लागते. पण 'परत परत' हा प्रश्नही कुणीतरी विचारला होता. हार्वर्डमधल्या एका गटाने त्याच पायावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केली. पाच वेळा कापल्यावर बहुतेक ॲक्सोलॉटलांचा पाय पूर्वीसारखा आला नाही, व्रणासारखी ऊती साचू लागली. डोळ्याचं भिंग अठरा वेळा, पाय पाचातच दमला. मामींचा चेहरा पाहता हे उत्तर त्यांना दिलासा देणारं नव्हतं. खुद्द सोचिमिल्कोमध्ये 1998 मध्ये एका चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार ॲक्सोलॉटल होते, 2014 मध्ये सुमारे 36. बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे पिल्लं खातात, पाणी नासलेलं. मेक्सिकोने 2021 मध्ये पन्नास पेसोंच्या नोटेवर त्याला छापलं. प्रयोगशाळांमध्ये हजारो, घरात जवळपास नाही.

वाद इथवर येतो तेव्हा दोघेही आपापल्या जागी घट्ट बसलेले असतात. तो हलतो एका जीवनसत्त्वामुळे, आणि ती गोष्ट जयपूरला सुरू होते.

जयपूर म्हटलं की मामांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते: जयपूर फूट. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास बनवलेला रबरी पाय, जो घालून शेतकरी चिखलात चालू शकतो, मांडी घालून बसू शकतो. मामांच्या मते अवयव परत देण्याच्या शास्त्रात भारताची हीच खरी भर. भाचीला याच्याशी वाद घालायचा नसतो. पण त्याच शहरात, राजस्थान विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, आय. ए. नियाझी बेडकांच्या आणि भेकांच्या पिल्लांचे पाय कापून ती जीवनसत्त्व 'अ' घातलेल्या पाण्यात ठेवत होते. 1978 मध्ये नियाझी आणि सक्सेना यांनी लिहिलं, की या पिल्लांचा पाय बिघडून येतो, पण विचित्र रीतीने: जिथे कापलं त्याच्या वरचे भागही पुन्हा उगवतात. नडगीला कापलेल्या पायातून परत मांडी.

जेवढं गेलं तेवढंच येतं, हा नियम मोडला होता. आणि नियम कसा मोडतो हे कळलं, की तो कशावर उभा आहे तेही कळू लागतं.

1982 मध्ये लंडनला माल्कम मेडनने हेच ॲक्सोलॉटलवर केलं. हात खालून कापून जीवनसत्त्व 'अ' दिलं तर त्या कापलेल्या टोकापासून खांद्याकडचे भाग पुन्हा सुरू होऊन अख्खा हात लागतो, हाताला हात. दहा वर्षांनी भुवनेश्वरहून याहून अचाट बातमी आली. उत्कल विद्यापीठातल्या प्रियंवदा मोहंती हेजमाडी (या ओडिसी नर्तकी म्हणूनही नावाजलेल्या) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की एका गोलमटोल, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या देशी बेडकाच्या पिल्लांची शेपूट कापून त्यांना जीवनसत्त्व 'अ' दिलं तर शेपटीच्या जागी पाय फुटतात. एकापेक्षा जास्त. शेपटीच्या जागी पाय!

"हा बेडूक तुमच्या कोणत्याच यादीत नाही," भाची म्हणते. "ना उंदीर, ना ॲक्सोलॉटल, ना झेब्राफिश. पावसात शेताच्या कडेला सापडणारा प्राणी. त्यांनी तो घेतला कारण तो जवळ होता."

मामा ओशाळत नाहीत, पण त्यांना कुतूहल वाटतं. ते डॉक्टरचा प्रश्न विचारतात: औषध काय करतंय?

उत्तराला तीस-चाळीस वर्षं लागली. शरीर जीवनसत्त्व 'अ' पासून रेटिनॉइक आम्ल बनवतं. पायाच्या मुळाकडे ते जास्त, टोकाकडे कमी, आणि पेशींना ते एखाद्या पिनकोडसारखं कामी येतं: किती आहे यावरून आपण खांद्याजवळ आहोत की मनगटाजवळ, हे त्या ओळखतात. 2025 मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या जेम्स मोनाघन यांच्या गटाने दाखवलं, की मनगटाकडे हे आम्ल कमी राहतं कारण तिथलं एक विकर ते झपाट्याने मोडून टाकतं. ते विकर रोखलं, की मनगटाच्या पेशी स्वतःला दंडाच्या समजतात आणि वरपासून हात बांधायला घेतात. त्याच वर्षी तनाकांच्या गटाने हाताच्या आडव्या दिशेचं कोडंही उलगडलं. करंगळीच्या बाजूच्या पेशी 'हँड2' हे जनुक जन्मभर हळूच चालू ठेवतात, आणि हात कापला की तेच जनुक करंगळीच्या बाजूचा वाढीचा निरोप सुरू करून देतं. हात पुरा झाला की निरोप थांबतो, 'हँड2' चालूच राहतं, पुढच्या वेळेसाठी. अंगठ्याच्या बाजूच्या पेशींना तो निरोप ऐकवला तर त्याही करंगळीच्या बाजूच्या होऊन जातात, आणि पुढे तशाच राहतात.

"हे सगळं उंदराच्या बोटाच्या टोकावर कळलं असतं?" ती विचारते. "तिथे कापायला जागा केवढी? मनगट आणि खांदा यांतला फरक पाहायला अख्खा हात परत उगवणारं जनावर हवं."

मामांची टाच आता थोडी मागे सरकलेली असते, पण डॉक्टर हार मानायला बसलेला नसतो. "जीवनसत्त्व 'अ' म्हणालीस ना? मुरुमांवर आइसोट्रेटिनॉइन देतात, तेच घराणं. गरोदर बाईला देणं सक्त मना आहे, गर्भ बिघडतो. हाताला हात लावणारं औषध मी माझ्या पेशंटच्या रक्तात सोडू?"

"रक्तात नको. जखमेवर." मग ती टफ्ट्स विद्यापीठाचं 2022 मधलं काम सांगते. झेनोपस बेडूक पिल्लू असताना पाय उगवतो, मोठा झाल्यावर त्याला फक्त कूर्चेचा काटा येतो. मोठ्या बेडकाच्या कापलेल्या पायावर एक छोटी टोपी बसवली, आत रेशमी प्रथिनाचा गोळा, त्यात पाच औषधं, रेटिनॉइक आम्ल त्यातलंच एक. चोवीस तास ठेवून टोपी काढली. पुढे अठरा महिने पाय वाढत राहिला. हाड वाढलं, चेतातंतू आले, टोकाला बोटांसारखं काही दिसू लागलं, आणि बेडूक तो वापरून पोहू लागला.

"बोटांसारखं," मामा शब्द पकडतात. "बोटं नव्हेत."

"नव्हेत."

या प्रामाणिकपणामुळेच हा वाद ऐकण्यासारखा होतो.

आणि ससा परत येतो. उंदराच्या कानाला भोक पाडलं तर त्याच्या कडेला व्रण धरतो, भोक भरून येत नाही. सशाचा कान भरून येतो, कूर्चेसकट. आफ्रिकेतला काटेरी उंदीर त्याहून पुढे: 2012 मध्ये केनियातल्या प्राण्यांवर अ‍ॅशली सायफर्ट यांनी पाहिलं, की त्याची पाठीची कातडी शत्रूच्या तोंडात सुटते, साठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, आणि केसांसकट परत येते. 2025 मध्ये बीजिंगच्या एका गटाने साधे उंदीर आणि ससे शेजारी ठेवून शोधलं की फरक कुठे पडतो. उत्तर आलं रेटिनॉइक आम्ल. ते बनवणारं जनुक सशाच्या जखमी कानात जोरात चालू होतं, उंदरात होत नाही. उंदराला बाहेरून ते आम्ल दिलं, किंवा ते जनुक चालू केलं, तर उंदराचाही कान भरून आला.

यावर मामा बराच वेळ बोलत राहतात, आणि त्यांचं बोलणं प्रथमच भाचीच्या बाजूचं नसलं तरी विरुद्धही नसतं. कान म्हणजे हात नाही, हे ते आधी नोंदवून ठेवतात. पण सस्तन प्राण्याने हे यंत्र फेकून दिलेलं नाही, नुसतं बंद ठेवलं आहे, ही शक्यता त्यांना भावते. ताडोब्याला पाहिलेलं सांबर त्यांना आठवतं. सांबराचं, चितळाचं शिंग हाडाचं असतं, गळून पडतं आणि पुन्हा येतं. काही जातींत दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत वाढतं. "मग वेगाची अडचण सस्तन म्हणून नाही," ते स्वतःशीच हिशेब मांडतात. भाची भर घालते की चीनमध्ये हरणाच्या शिंगाच्या मुळातल्या पेशी उंदराच्या कपाळात रोवून तिथे शिंगासारखं हाड उगवलं आहे. 2023 मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. मामी म्हणतात, "अरे देवा."

लेखकाला विचाराल तर मामांचा पहिला प्रश्न अजून उभा आहे, एकही बोट परत आलेलं नाही. पण एक प्राणी निवडा आणि बाकीचे सोडा, हा त्यांचा उपाय लागू केला असता तर जयपूरची पिल्लं, भुवनेश्वरचा बेडूक आणि बीजिंगचा ससा यांतलं काहीच हाती लागलं नसतं, आणि उंदराचा कानही तसाच भोकाचा राहिला असता. भाचीच्या बाजूलाही एक भोक आहे, आणि ते मामांना बरोबर दिसलं.

"तुझे सगळे प्राणी तरुण आणि ठणठणीत," ते म्हणतात. "ब्लेड स्वच्छ, जखम ताजी, पाणी मापाचं. माझा पेशंट बासष्टचा, पंधरा वर्षं साखर, पायाला संवेदना नाही, जखम तीन महिन्यांची, त्यात पू. चेतातंतू नसेल तर तुझा ॲक्सोलॉटलसुद्धा पाय उगवत नाही, तूच सांगितलंस मागे."

हे खरं आहे. मार्कस सिंगर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यातच दाखवलं होतं, की पुरेसे चेतातंतू नसतील तर सॅलमँडरचा कोंब धरत नाही. 2013 मध्ये आणखी एक अट कळली: जखमेवर येणाऱ्या मॅक्रोफेज पेशी काढून टाकल्या तर ॲक्सोलॉटललाही व्रण येतो, पाय नाही. मधुमेही पायात चेतातंतू मेलेले असतात आणि याच पेशी बिघडलेल्या असतात. जगातला सगळ्यात तरबेज उगवणारा प्राणी ज्या दोन गोष्टींवाचून अडतो, त्याच दोन मामांच्या पेशंटकडे धड नसतात.

भाची म्हणते की म्हाताऱ्या माशांवर काम होतं. पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत, झेब्राफिशच्या मणक्यांमधल्या झिजलेल्या चकत्या 'सीसीएन2ए' या प्रथिनाने पुन्हा भरून येतात असं दिसलं आहे, आणि ते मासे वयस्कच होते. मग ती अमेरिकेतला एक जुना प्रयोग सांगते. मोठ्या झेब्राफिशना औषध देऊन मधुमेह केला, शेपटीचा पर कापला. तो नीट आला नाही. मग माशांची साखर पूर्ववत होऊ दिली आणि पुन्हा कापला. साखर नॉर्मल, तरी पर बिघडलेलाच आला.

मामा ताट बाजूला सारतात. हे ते रोज बघतात: साखर आटोक्यात आणून महिने झाले, तरी जखम हलत नाही. साखर किती दिवस चढलेली होती, बिघाड पुढच्या पेशींत उतरला का, किती दिवसांनी कापलं, ते एकामागून एक विचारत राहतात. काहींची उत्तरं ती देते, काहींसाठी फोनवर शोधनिबंध काढते. चष्मा लावून ते तिच्याच फोनवर वाचायला लागतात.

"पण शेपटीच्या पराच्या काड्यांत स्नायू नसतो ना?" ते मान वर न करता विचारतात.

"नसतो."

"मग हेच ॲक्सोलॉटलमध्ये करून बघा की. त्याला मधुमेह करता येतो का?"